गेटसमोरच्या टपरीवरचे खाते

प्रश्न : मी ३९ वर्षांचा असून भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. बाविसाव्या वर्षी लागलेली सिगारेट आता दिवसाला दहा-बारावर गेली आहे आणि दीड-दोनशे रुपये रोज तिच्यात जातात. पाडव्याला, एक जानेवारीला आणि गेल्या आषाढी एकादशीला अशी तीनदा सोडली; सर्वांत जास्त टिकली ती २३ दिवस. तिन्ही वेळा मोडली ती गेटसमोरच्या टपरीवर, चहाच्या सुट्टीत, ‘एकाने काय होतंय’ म्हणणाऱ्या मित्रांमध्ये. त्या टपरीवर माझे खातेही आहे. सकाळी सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असल्यामुळे बुधवारी रात्री आम्ही बसतो, तेव्हा तर मोजदादच राहत नाही. आमच्या स्टोअरमधल्या काकांची सिगारेट सहा वर्षांपूर्वी सुटली, आणि माझ्या लाइनवरचा एक जण माझ्याबरोबर सोडायला तयार आहे. मी चहा सोडू की मित्र सोडू? की माझी इच्छाशक्तीच कमी पडते? – एक वाचक, भोसरी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या आकड्यांपैकी मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो २३ हा आकडा, आणि तो तुम्ही काहीशा शरमेने लिहिला आहे असे जाणवते. निकोटिन बंद झाल्यावर होणारी चिडचिड, अस्वस्थता, झोपमोड आणि कशातच लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत बहुतेकांच्या बाबतीत ओसरत जातो. म्हणजे तेविसाव्या दिवशी तुम्ही टपरीवर जाऊन उभे राहिलात, तेव्हा अवघड घाट जवळजवळ चढून झालेला होता. तरीही हात पुढे गेला, कारण सिगारेट त्या दिवशी मागितली ती दहाच्या सुट्टीने, आल्याच्या चहाच्या वासाने आणि टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेल्या त्या लायटरने. इच्छाशक्तीचा प्रश्न मी इथेच निकालात काढतो. जिच्यावर २३ दिवस निघाले ती कमी होती असे मला म्हणवत नाही.

झुरका घेतल्यावर निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. एका सिगारेटचे दहा झुरके धरले तर आजच्या हिशेबाने दिवसाचे शंभर-सव्वाशे आणि सतरा वर्षांचे सात लाखांच्या घरात जातात. यातला प्रत्येक झुरका कुठेतरी उभे राहून, कोणाशी तरी बोलताना, काहीतरी झाल्यावर किंवा व्हायच्या आधी घेतलेला आहे, आणि मेंदूने ते ठिकाण, ती वेळ आणि तो माणूस त्या सुखाबरोबर बांधून ठेवला आहे. म्हणून सोडण्याआधी चार दिवस, नेहमीप्रमाणे ओढत असतानाच, प्रत्येक सिगारेटची एका चिठ्ठीवर नोंद करा : वेळ, जागा आणि शेजारी कोण होते. माझा अंदाज असा की बारापैकी सात-आठ नोंदींपुढे कोणाचे तरी नाव येईल. ही चिठ्ठी जपून ठेवा, पुढे तिचे काम आहे.

आता चहा. चहा सोडू नका, पण निम्मा करा, आणि याचे कारण संयमाशी संबंधित नाही. सिगारेटच्या धुरातील काही घटकांमुळे यकृतातील एक विकर (एन्झाइम) अधिक जोमाने काम करते आणि चहा-कॉफीतील कॅफीन शरीरातून लवकर बाहेर पडते. धूर थांबला की काही दिवसांत ते विकर पूर्वपदावर येते, आणि मग तुमचे नेहमीचे सहा कप रक्तात पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ रेंगाळतात. छातीत धडधड, हातांना कंप, रात्री टक्क डोळे. माणूस समजतो की सिगारेट सोडल्यामुळे हे होत आहे, आणि तीच पुन्हा पेटवून त्यावर इलाज करतो. तेव्हा पूर्ण कपाऐवजी कटिंग घ्या आणि संध्याकाळी पाचनंतरचा चहा महिनाभर बंद ठेवा. याहून महत्त्वाचे म्हणजे चहा उभ्याने घेऊ नका. पेला ज्या हातात धरता तो बदला, आणि शक्य असेल तर कॅंटीनमध्ये किंवा एखाद्या अमृततुल्यात आत बाकावर बसून घ्या. उभा माणूस, एका हातात पेला आणि दुसरा हात मोकळा, ही मांडणीच सिगारेटची आहे.

सकाळच्या तक्रारीबद्दल लोक संकोचाने लिहितात, वास्तविक ती अगदी खरी तक्रार आहे. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते, त्यामुळे ते बंद झाल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठता होऊ शकते आणि ‘सिगारेटशिवाय होतच नाही’ ही समजूत पक्की होते. आदल्या रात्री पुरेशा पाण्यातून इसबगोल, उठल्यावर कोमट पाणी, दहा मिनिटे चालणे आणि आहारात पपई, पालेभाज्या एवढ्यावर बहुतेकांचे भागते. सुरुवातीला खोकला वाढला किंवा तोंड आले तरी घाबरू नका. श्वासनलिकेतील सूक्ष्म केस पुन्हा झाडलोट करू लागल्याचा तो खोकला असतो. मात्र तो महिन्याहून अधिक रेंगाळला किंवा थुंकीतून रक्त आले तर डॉक्टरांकडे जाण्यास उशीर करू नये.

मित्रांविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण तुमची गाठ तिथे आहे. टपरीच्या त्या कोंडाळ्यात उभे राहिल्यावर वाटते की सगळे जगच ओढते आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण ३.८ टक्के होते. म्हणजे तुमच्या कारखान्यातही न ओढणारेच कितीतरी जास्त असणार, पण ते दहाच्या सुट्टीत आत असतात आणि तुम्ही बाहेर. मित्र तोडण्याचा सल्ला मी देणार नाही. सतरा वर्षांची माणसे तोडून जी पोकळी होते तिच्यात सिगारेट अधिक आरामात बसते, आणि शिवाय ते तुमचे वैरीही नाहीत. ‘एकाने काय होतंय’ असे म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा एवढेच असते की आपण एकटे मागे राहू नये.

म्हणून त्यांच्याकडे फक्त तीन गोष्टी मागा, आणि त्या टपरीवर घोळक्यात न मागता एकेकाला बाजूला घेऊन मागा, कारण घोळक्यात प्रत्येक विनंतीची थट्टा होते. सिगारेट माझ्यापुढे करू नकोस. पहिला महिनाभर माझ्याबरोबर चहा घ्यायचा असेल तर आत ये. आणि मी किती दिवस टिकेन यावर पैज लावू नकोस. ‘तूही सोड’ असे मात्र चुकूनही म्हणू नका. ते तुमचे काम नाही, आणि तसे म्हटले की समोरचा लगेच स्वतःच्या बचावाला उभा राहतो. यातला एखादा तरी ऐकणार नाही हे गृहीत धरा. त्याच्यासाठी एकच वाक्य पाठ करून ठेवा, ‘आज नको’, आणि त्यापुढे कारणे देऊ नका. कारण दिले की त्यावर वाद घालता येतो.

तुमच्या हाती असलेली खरी शिदोरी म्हणजे स्टोअरमधले काका आणि लाइनवरचा सोबती. डॉक्टरांनी फुफ्फुसांचे चित्र दाखवून जे साधत नाही ते, त्याच गेटमधून आत जाणारा, त्याच टपरीवरचा चहा पिणारा आणि तरीही न ओढणारा माणूस पाहून साधते. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्याने आलेल्यांना समुपदेशन करतात, ती पद्धत याच अनुभवावर उभी आहे.

मात्र दोघांनीच मिळून सोडण्यात एक धोका असतो, आणि तो मी स्वतः पाहिला आहे. मी एका वर्तमानपत्राच्या रात्रपाळीत होतो तेव्हा चौदा वर्षांची सवय आमच्या एका मुद्रितशोधक मित्राबरोबर सोडली. रात्री अकराला पहिले पान छपाईला गेले की पूर्वी आम्ही जिन्यात जाऊन ओढत असू. त्याऐवजी त्याच जिन्यात, त्याच पायरीवर बसून आम्ही कागदाच्या पुडीतले फुटाणे खायचे ठरवले होते. पायरी तीच आणि हात-तोंड दोन्ही कामाला लागलेले, त्यामुळे आठवडाभरात तो जिना फुटाण्यांचा झाला. बाराव्या दिवशी तो आला आणि पुडीकडे न बघता म्हणाला की काल एक ओढली. मी त्याच्यावर इतका भडकलो की बोलता सोय नाही. त्यानंतर त्याने मला कधीही काही सांगितले नाही. दोन महिने तो रोज माझ्याशेजारी बसून फुटाणे खात होता आणि घरी जाताना ओढत होता. माझी सुटली, त्याची सुटली नाही, आणि त्यातला निम्मा दोष माझ्या त्या रात्रीच्या जिभेचा आहे असे मी आजही मानतो.

तेव्हा तुमच्या दोघांत काकांना तिसरे घ्या, म्हणजे एकजण घसरला तर दुसऱ्याचा पाय त्याच्याबरोबर जाणार नाही. तिघांनी आधीच बोलून ठेवावे की चुकून ओढली गेली तर त्याच दिवशी सांगायचे आणि ऐकणाऱ्याने एकच प्रश्न विचारायचा : कुठे, कोणाबरोबर, किती वाजता? उत्तर त्या चिठ्ठीवर लिहायचे. तुमची ‘मोडली’ ही समजूतही मला इथे सुधारायची आहे. एक सिगारेट ओढली म्हणजे पाय घसरला. मागच्या तिन्ही वेळी तुम्ही त्या एका सिगारेटनंतर ‘आता मोडलेच आहे तर’ म्हणून दुसऱ्या दिवशी पूर्ववत सुरू केले असावे, आणि खरे नुकसान त्या दुसऱ्या दिवसाने केले. अर्थात घसरणे किरकोळ आहे असेही मी म्हणत नाही. अनेक वर्षे ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटिन झेलणारी केंद्रे वाढलेली असतात, त्यांची संख्या कमी व्हायला कित्येक आठवडे लागतात, आणि तोवर मिळालेली एक सिगारेट त्यांना पुन्हा जागी करते. एकाने काय होते, याचे उत्तर हे आहे.

तलफ आल्यावर फोन करायचा, तर बोलायचे काय, असा प्रश्न लोकांना पडतो. तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटांत चढून उतरते, मग ओढा किंवा ओढू नका. म्हणून फोनवर उपदेश नको, धीर देणेही नको. दहा मिनिटे जातील असे काहीही बोला. प्रेसवरचा डाय का अडकला, कालच्या सामन्यात काय झाले, मुलांच्या शाळेची फी किती वाढली. फोन केव्हाही करायची मुभा असावी, आणि उचलता आला नाही तर दहा मिनिटांत उलट फोन करण्याचे बंधन असावे. तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप करायचा असेल तर करा, पण त्यावर सुप्रभाताची फुले आणि कर्करोगाचे व्हिडिओ आले की तो बंद पडलाच म्हणून समजा. रोज रात्री प्रत्येकाने त्यावर एकच आकडा टाकावा, आजचा दिवस कितवा.

सोबतीला औषधाची जोड द्या, त्यात कमीपणा मानू नका. निकोटिनच्या च्युइंगगमने किंवा पट्टीने सोडण्यात यश येण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. तुम्ही उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट पेटवता, असे तुमच्या सकाळच्या वर्णनावरून दिसते, आणि अशा व्यक्तींना २ मिलिग्रॅमऐवजी ४ मिलिग्रॅमचे गम सुचवले जाते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर ते सांगा, आणि गोळ्यांचे पर्यायही त्यांनाच विचारा. हे गम नेहमीच्या च्युइंगगमसारखे कचाकचा चावायचे नसते, तसे केले तर उचकी लागते आणि जळजळ होते. सावकाश चार-सहा वेळा चावायचे, जिभेला तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचे, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचे. असे अर्धा तास. (आपल्याकडे गालात काही धरून ठेवण्याची कला शिकवावी लागत नाही, हेच काय ते सुदैव.) गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा घेऊ नका; चहा-कॉफीने त्यातील निकोटिन नीट शोषले जात नाही आणि लोक म्हणतात की गमचा उपयोग झाला नाही.

गालावरून आठवले. सिगारेट सोडून तंबाखू-चुना मळायला लागलेली बरीच माणसे मला ठाऊक आहेत. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातील जवळजवळ एक चतुर्थांश प्रौढ तंबाखू तोंडात घेणारे निघाले होते, म्हणजे ती डबी पुढे करणारा हात तुम्हाला लाइनवरच भेटेल. त्याने सुटका होत नाही, निकोटिन तेच राहते आणि धोका फुफ्फुसांवरून तोंडाकडे सरकतो. ई-सिगारेटचे नाव कोणी काढले तर तिच्यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे एवढे सांगून विषय संपवा.

तज्ज्ञ माणसाशी मराठीत बोलायचे असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन विनामूल्य आहे. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झालेली ही सेवा पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलसह इतर केंद्रांतूनही देण्यात येऊ लागली. समुपदेशक तुमची तारीख लिहून घेतात आणि नंतर स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो, पण खात्यावर सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पाकीट येतच नाही. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. ती किती पाळली जाते हे तुम्ही मला सांगायचे.

बुधवारच्या बैठकीबाबत मी सौम्यपणे लिहू शकत नाही. दारूबरोबर ‘आज नको’ हे वाक्य आठवत नाही, आणि सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू होण्याचे ते फार मोठे निमित्त आहे. किमान पहिले चार बुधवार जाऊ नका. त्या रात्री काकांच्या घरी जेवायला जा, सोबत्याला घेऊन एखादा सिनेमा पाहा, घरच्यांना बाहेर न्या. पण रिकामे राहू नका, कारण तो रिकामा बुधवार तुम्हाला साडेआठला बरोबर त्या टेबलावर नेऊन बसवेल. पाचव्या बुधवारी गेलात तर दोन तासांनी निघायचे आधी ठरवा आणि सोबती न्यायला येईल अशी व्यवस्था ठेवा.

तारीख मुहूर्ताची घेऊ नका. पाडवा, एक जानेवारी आणि एकादशी या तिन्ही वेळी शुभ दिवस होता, तयारी नव्हती. पुढच्या शुक्रवारी सकाळी सोडा, म्हणजे सर्वांत कठीण दिवस शुक्रवार, शनिवार, रविवार असे कामाच्या धबडग्यात जातील आणि पहिला बुधवार येईपर्यंत पाच दिवस पदरात असतील. आदल्या गुरुवारची सुट्टी तयारीत घालवा : शर्ट-जॅकेट धुवा, घरातल्या रक्षापात्रापासून गाडीच्या डिकीतल्या काडेपेटीपर्यंत सगळे बाहेर काढा, डॉक्टरांकडे जाऊन या, क्विटलाइनला फोन करा. क्विटलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, पण सोमवारी बंद, त्यामुळे त्या दिवशीचा आधार काकांचा. शुक्रवारी तुमचा हात दिवसातून वीस वेळा शर्टाच्या वरच्या खिशाकडे जाईल. तिथे लवंग-वेलदोड्यांची पुडी ठेवा, म्हणजे हात निदान रिकामा परत येणार नाही.

आणि टपरीवरचे खाते. ते उघडे आहे तोवर तुम्ही पैसे नसतानाही सिगारेट घेऊ शकता, म्हणून तयारीच्या गुरुवारच्या आदल्या बुधवारी पाळी सुटल्यावर ते मिटवा. एकटे जाऊ नका, काकांना बरोबर न्या. वहीतली रक्कम मोजून द्या आणि टपरीवाल्याला तुमच्या नावावर काट मारायला सांगा. तो विचारेल, ‘का साहेब, नोकरी सोडली का?’ त्याला काय सांगायचे ते काकांना विचारून जा. सहा वर्षांपूर्वी त्यालाच त्यांनी काहीतरी उत्तर दिलेले असणार.